मी बाय की पॅन, आणि आईला यातलं काय सांगू?

प्रश्न, थोडक्यात: वय २४. गाव पलूसजवळ, नोकरी सांगलीत एका लॅबमध्ये. कॉलेजात आधी एक मुलगा आवडला होता, नंतर होस्टेलवरची एक मैत्रीण. तेव्हापासून स्वतःला मनातल्या मनात बायसेक्शुअल म्हणते. वर्षभरापासून आयुष्यात एक व्यक्ती आहे, जी स्वतःला पुरुष मानत नाही आणि स्त्रीही मानत नाही. पुण्यातली मैत्रीण म्हणते, 'मग तू बाय नाहीसच, तू पॅनसेक्शुअल. बायमध्ये फक्त बाई आणि पुरुष येतात.' आणखी एकाने ऐकवलं की स्वतःला बाय म्हणवणं हा ट्रान्स लोकांचा (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्यांचा) अपमान आहे. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. फरक नक्की काय? मी चुकीचा शब्द वापरते आहे का? आणि लग्नानंतर हे बदलेल का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न कळावा म्हणून, दुसऱ्यांदा एका गोष्टीची खात्री करायला. चार पानांत तू जोडीदाराबद्दल कितीतरी लिहिलं आहेस, पण एकदाही नुसतं 'तो' नाही की नुसतं 'ती' नाही. दर वेळी 'ती व्यक्ती'. ती व्यक्ती मिरजेहून आली, ती व्यक्ती म्हणाली. 'व्यक्ती' हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी, त्यामुळे क्रियापदाची पंचाईत होत नाही आणि घरात कुणाच्या हाती कागद लागला तरी काही कळत नाही. ही कसरत किती अवघड असते ते मला ठाऊक आहे. इंग्रजीत कोण आलं ते न सांगता कुणीतरी आल्याचं सांगता येतं. मराठीत आला की आली हे तोंड उघडताच कबूल करावं लागतं. (आपल्या बाजूला, कोल्हापूरकडे तर जास्तच, बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात आणि पुणेकरांना त्याचं फार हसू येतं. त्यांचं त्यांनी हसावं.) जिने चार पानं हा तोल सांभाळला तिला एका शब्दाची एवढी काळजी का वाटते, ते मला समजतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. तू चुकीचा शब्द वापरत नाहीस.

जन्माच्या दाखल्यावर लिहिलेलं असतं ते लिंग. माणूस स्वतःला आतून काय समजतो तो लिंगभाव. आणि त्याला कुणाची ओढ वाटते तो लैंगिक कल. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि आपला निम्मा गोंधळ त्यांची खिचडी केल्यामुळे होतो. बायसेक्शुअल म्हणजे जिला किंवा ज्याला एकापेक्षा जास्त लिंगभावांच्या माणसांची ओढ वाटू शकते. सगळ्यांची एकाच वेळी वाटते असं नाही, सारखीच किंवा एकाच प्रकारे वाटते असंही नाही. पॅनसेक्शुअल म्हणजे ज्याच्या ओढीत समोरच्याचा लिंगभाव हिशेबात धरलाच जात नाही, किंवा दिसला तरी त्याने काही ठरत नाही. पहिल्या व्याख्येत दुसरी मावते का? बहुतेक वेळा मावते. म्हणून स्वतःला दोन्ही म्हणवणारी माणसंही पुष्कळ आहेत, आणि त्यात काही विसंगती नाही.

मी या कामात एचआयव्ही तपासणी केंद्रातल्या समुपदेशनातून आले. दिवसभर समोर माणूस आणि हातात फॉर्म. त्यामुळे मला हा फरक फॉर्मच्या भाषेतच सुचतो. बाय माणसाच्या मनातल्या फॉर्मवर लिंगभावाचा रकाना असतो आणि त्यात एकाहून अधिक उत्तरं चालतात. पॅन माणसाच्या फॉर्मवर तो रकाना छापलेलाच नसतो.

माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलींचं बोलणं शेजारी शेजारी ठेवते. दोघींची परवानगी आहे. पहिली स्वतःला बाय म्हणवते. ती म्हणाली, 'मुलगा आवडला की माझी बोलती बंद होते. मुलगी आवडली की उलट, बडबड थांबत नाही. दोन्ही वेळा मीच असते, पण मीटर वेगळं पडतं.' दुसरी पॅन म्हणवते. तिला मी विचारलं, तुझं कसं? तिने थोडा विचार केला. 'मॅडम, मला आधी आवाज आवडतो, नाहीतर कोण कसं वाद घालतं ते आवडतं. मुलगा की मुलगी हे मैत्रिणी विचारतात तेव्हा लक्षात येतं.' पहिलीच्या ओढीला लिंगभावाचा रंग लागतो, दुसरीच्या ओढीला लागत नाही. फरक एवढाच आहे आणि तो खरा आहे. 'सगळं एकच, इंटरनेटवरच्या पोरांचं खूळ' असं म्हणणाऱ्यांत काही वर्षांपूर्वी मीही होते. या दुसऱ्या मुलीने मला गप्प केलं.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की कॉलेजातल्या त्या मुलासमोर तू घाबरायचीस आणि होस्टेलच्या मैत्रिणीसमोर भांडखोर व्हायचीस. हे पहिल्या मुलीच्या बोलण्यासारखं आहे. पण आताच्या जोडीदाराबद्दल लिहिताना तू म्हणतेस, 'इथे मी कोण होते हे बघायचं सुचतच नाही.' हे दुसरीसारखं आहे. मी इथे बसून तुला कुठला शिक्का मारू? मारणारही नाही. समुपदेशकाला हे रक्ततपासणीसारखं रिपोर्टवर छापून देता येत नाही, आणि तू स्वतः लॅबमध्ये असल्यामुळे तुला ते जास्तच खटकत असणार.

आता एका लोकप्रिय घोटाळ्याबद्दल. तासगाव रस्त्यावरच्या एका व्यापारी घरातला मुलगा मला पॅन म्हणजे काय ते समजावत होता. म्हणाला, 'माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभे राहतात. नवखा माणूस हळकुंडाची साल बघतो. वडील ते मोडून आतला रंग बघतात. पॅन म्हणजे ते.' सांगलीतल्या मुलाला शोभेल असाच दाखला, आणि ऐकताक्षणी मला आवडला. घरी जाताना आयर्विन पुलावर रिक्षा अडकली तेव्हा लक्षात आलं की यात एक खोट आहे. पॅन माणूस आतला रंग बघतो, तर मग बाय माणूस काय नुसती साल बघतो? इंग्रजीतही याच अर्थाची एक घोषणा फिरते, शरीर नको, मन बघा अशा धाटणीची, आणि बाय लोक तिच्यावर चिडतात ते योग्यच आहे. मन बघणं ही कुठल्याच एका कलाची मक्तेदारी नव्हे. तुझे आजीआजोबा एकमेकांचं मन बघूनच पन्नास वर्षं राहिले असतील, आणि त्यांना या शब्दांतला एकही ठाऊक नसेल. लिंगभाव दिसणं म्हणजे उथळ असणं नव्हे.

'बाय म्हणजे दोन, म्हणून फक्त बाई आणि पुरुष' हा तुझ्या मैत्रिणीचा मुद्दा. शब्दाची फोड म्हणून बरोबर, वापर म्हणून चूक. शब्द जन्मतात एका अर्थाने आणि जगतात दुसऱ्या. १९४८ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड किन्सी यांनी शून्य ते सहा अशी मोजपट्टी मांडली: शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे फक्त समलिंगी, मधल्या आकड्यांवर बाकीचे. मोठं काम होतं, माणसं दोनच कप्प्यांत बसत नाहीत हे आकड्यांत दाखवणारं. पण त्या पट्टीत हिशेब बाई आणि पुरुष या दोघांचाच होता. आज स्वतःला पॅन म्हणवणाऱ्याला त्या पट्टीवर उभं राहायला जागाच सापडत नाही, कारण तो त्या रेषेवर चालतच नाही. बाय लोकांनी मात्र ही दोनाची चौकट स्वतःच मोडली, आणि तीही बरीच आधी. १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बायसेक्शुअल लोकांच्या एका मासिकात त्यांचा जाहीरनामा छापला गेला. त्यात साफ सांगितलं होतं की आमच्या असण्याला दोनच बाजू आहेत असं समजू नका, आणि जगात दोनच लिंगभाव आहेत असंही समजू नका. म्हणजे तुझी मैत्रीण ज्याला बाय या शब्दाचा अर्थ म्हणते, तो त्या लोकांनी तिच्या जन्माआधीच नाकारलेला आहे.

ट्रान्स लोकांच्या अपमानाचंही उत्तर यातच आलं, पण एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती मला जास्त टोचते. ट्रान्स स्त्री ही स्त्री आहे आणि ट्रान्स पुरुष हा पुरुष आहे. तेव्हा 'बाय लोकांना बाई-पुरुष चालतात, ट्रान्स माणसं चालायला पॅन व्हावं लागतं' असं म्हणणाराच त्यांना बाई-पुरुषांच्या यादीतून बाहेर काढतो. अपमान तिथे आहे. ज्याने तुला हे ऐकवलं त्याचा हेतू चांगला असेल, हिशेब चुकला. तुझा जोडीदार या दोन्हींच्या पलीकडचा आहे, आणि तुझा 'बाय' हा शब्द तिथवर आरामात पोचतो.

झेंडे तू पाहिले असतीलच. गुलाबी, जांभळा, निळा हा बाय लोकांचा, मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये केलेला. गुलाबी, पिवळा, आकाशी हा पॅन लोकांचा, २०१० च्या सुमारास आलेला, आणि त्यातला पिवळा बाई-पुरुष या जोडीबाहेरच्या लोकांसाठी. बॅगेवर कुठला बिल्ला लावायचा हा छान प्रश्न आहे, पण आपल्या एसटीत दोन्हीकडे लोक 'कुठल्या पार्टीचा?' असंच विचारतील.

खरी अडचण मराठी शब्दांची आहे, आणि तिच्यावर मला जरा थांबायचं आहे. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातून एक कुटुंब आलं. (तपशील बदलले आहेत.) मुलगा सव्वीसचा, पुण्यात नोकरी. आईवडिलांना इंग्रजी शब्द कळणार नाही म्हणून त्याने मोबाइलवर मराठी शब्द शोधला आणि घरी सांगितलं, 'मी उभयलिंगी आहे.' वडिलांची शेती. ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, 'मॅडम, मग आपरेशन कुठं हुतंय? मिरजेत हुईल का पुण्याला न्यावं लागंल?'

मुलाने कपाळावर हात मारला. पण वडिलांचं चुकलं काय? त्यांनी पपई लावलेली होती. पपईची नर, मादी आणि उभयलिंगी झाडं असतात हे त्यांना पोराच्या इंजिनिअरिंगपेक्षा पक्कं माहीत होतं. शाळेत आपणही शिकलो की जास्वंदीचं फूल द्विलिंगी असतं आणि गांडूळ उभयलिंगी. या शब्दाने मराठीत देह सांगितला जातो, त्यातून ओढीचा अर्थ निघत नाही. मुलाने वडिलांना सांगितलं एक, त्यांनी ऐकलं दुसरं, आणि बिचाऱ्यांनी रात्रभर जागून ऑपरेशनच्या खर्चाचा आकडा काढला होता. तेव्हापासून मी 'उभयलिंगी' हा शब्द समुपदेशनात वापरत नाही. 'उभयलैंगिक', 'द्विलैंगिक' बरे आहेत, पण बोलताना जिभेवर येत नाहीत. पॅनसाठी 'सर्वलैंगिक' सुचवतात आणि त्याची वेगळीच तऱ्हा. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व हे खरं, पण ऐकणाऱ्याला वाटतं हिला सगळेच आवडतात. लिंगभाव कुठलाही असो, आवडू शकतो, असा तो अर्थ. समोर येईल तो प्रत्येक जण आवडतो असा नव्हे. पुरुष आवडणाऱ्या बाईला तरी एसटी स्टँडवरचे सगळे पुरुष कुठे आवडतात? मी सरळ बाय आणि पॅन म्हणते आणि पुढे एका वाक्यात मराठीत सांगते. टेबल आणि टेन्शन पचवलेली भाषा हेही पचवेल.

गंमत अशी की बाई-पुरुषांच्या पलीकडचं माणूस आपल्या भागाला नवं नाही. सौंदत्तीच्या यल्लमाला जाणारे जोगते आपल्या आज्यांनी दारात पाहिले, त्यांना परडीत जोगवा घातला. त्यांच्या असण्याला शब्द होते, जागा होती, भले ती देवीच्या आडोशाची असेल. त्यांच्यापैकी कुणावर गावातल्या कुणाचा जीव जडला असेल, तर त्या ओढीला मात्र शब्द नव्हता. तू जो शब्द शोधते आहेस तो त्या रिकाम्या जागेवरचा आहे.

त्या कुटुंबाकडे परत येते, कारण पुढचा भाग तुझ्या कामाचा आहे. ऑपरेशन नाही, आजार नाही, पोराला मुलं आणि मुली दोन्ही आवडू शकतात एवढंच, असं मी समजावून सांगितलं. खोलीत बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग आई पहिल्यांदा बोलली. 'म्हंजे ह्याला पोरी बी आवडत्यात?' मी म्हटलं, हो. 'मग झालं की! पोरगीच बघूया. एवढ्यासाठी रजा काढून आला व्हय?' मुलगा हसला. आधी खरंच हसला, आणि मग त्याच हसण्यात रडायला लागला. त्याचं पुण्यात एका मुलावर तीन वर्षं प्रेम होतं.

बाय आणि पॅन मुलांचं घरातलं दुखणं हे असं वेगळं असतं. समलिंगी मुलाच्या आईबापांना 'नाही' ऐकू येतं. तुमच्या आईबापांना 'चालेल' ऐकू येतं. दोन्ही आवडतात तर सोपं ते घे. पॅन म्हटलंस तर त्याहून पुढे: तुला काही फरकच पडत नाही ना, मग आम्ही आणलेलं स्थळ काय वाईट? ओढ वाटू शकते म्हणजे कुणाशीही जुळवून घेता येतं, असा अर्थ काढला जातो. इकडे समलिंगी मित्रमंडळीतही 'ही शेवटी लग्न करून मोकळी होणार' असा संशय असतोच. परदेशांत झालेल्या पाहण्यांत बाय लोकांमध्ये चिंता आणि नैराश्याचं प्रमाण समलिंगी लोकांपेक्षाही जास्त आढळत आलं आहे, आणि दोन्हीकडचा हा अविश्वास त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

हे आज शहाणपणाने लिहिते आहे, पण माझा स्वतःचा हिशेब स्वच्छ नाही. मी नवीन असताना एक मुलगी आली होती, साधारण तुझ्याच वयाची, साताऱ्याची. तिचं बोलणं ऐकून घेतलं आणि वर म्हटलं, 'मुलंही आवडतात ना तुला? मग तिकडे लक्ष दे. आयुष्य सोपं जाईल.' तिने मान हलवली, निघताना कंदी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला, आणि परत कधी आली नाही. नंबर केसपेपरवर होता. मी फोन केला नाही. खानापूरच्या त्या आईच्या तोंडून माझंच वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला तिच्यावर रागावायचा काही अधिकार नव्हता.

आता लग्नानंतर बदलेल का? नाही. लग्नाने पत्ता बदलतो, कल बदलत नाही. पुरुषाशी लग्न केलेली बाय बाई बायच असते, जशी अविवाहित असतानाही ती बायच होती. इथे थोडं सावध राहून सांगते, कारण याची दुसरी बाजूही आहे. बाय किंवा पॅन मुलगी एखाद्या पुरुषावर मनापासून प्रेम करून लग्न करते आणि सुखाने राहते, अशा बायका माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांचं लग्न म्हणजे लपवाछपवी नव्हे आणि त्यांचा कल म्हणजे नवऱ्याशी बेइमानी नव्हे. बाय असणं म्हणजे एकाच वेळी दोघं हवीत असणं, हाही गैरसमज. निष्ठा हा स्वभावाचा आणि शब्द देण्याघेण्याचा भाग आहे. तुझा प्रश्न वेगळा आहे. तुझं एका व्यक्तीवर प्रेम आहे, आणि ते मिटेल या आशेवर दुसऱ्या कुणाशी लग्न करायचा विचार तुझ्या मनात आहे. त्यात दोन नव्हे, तीन माणसांचं नुकसान आहे, आणि त्यातला एक तर पुढच्या महिन्यात तुला बघायला येणारा कराडचा मुलगा, ज्याला यातलं काहीच माहीत नसणार.

काही लोकांच्या बाबतीत वर्षांनुवर्षांत ओढीचा कल आपोआप थोडा सरकतो, शब्दही बदलतो. आज बाय म्हणणारी उद्या पॅन म्हणेल, पुढे नुसतं क्वीअर (रूढ चौकटीबाहेरच्या सगळ्यांसाठीचा इंग्रजी शब्द) म्हणेल, किंवा काहीच म्हणणार नाही. पण आपोआप बदलणं वेगळं आणि दुसऱ्याने बदलवणं वेगळं. घरचे जर 'एकदा दाखवून आणू' म्हणून कुठे उपचारांना न्यायला निघाले, तर हे माहीत असू दे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढण्याचा निर्णय १७ मे १९९० रोजी घेतला. भारतात असे कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं, तेही मद्रास उच्च न्यायालयाने लावून धरल्यावर. या उपचारांनी कल बदलत नाही, माणूस खचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेताना लैंगिक कलावरून भेदभाव करायलाही मनाई आहे.

कायद्याचं बाकीचं भराभर सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाने दिला. तुझ्या जोडीदाराने तो निकाल वाचला नसेल तर जरूर वाचावा. समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मात्र नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तो विषय संसदेवर सोडला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की क्वीअर जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, तेव्हा त्या पत्रकाची प्रत मोबाइलमध्ये ठेव. या सगळ्यात बाय कोण आणि पॅन कोण हे कायदा कुठेच विचारत नाही. आपल्या जनगणनेतही हा प्रश्न नाही. २०११ मध्ये लिंगाच्या रकान्यात 'इतर' हा पर्याय आला आणि जवळजवळ ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद तिथे झाली, पण कुणाला कोण आवडतं ते त्यातून कळत नाही.

मग हे शब्द हवेत तरी कशाला? तुझ्या जोडीदाराला विचार. काही लोकांना 'मी पॅन आहे' हे ऐकल्यावर सुटल्यासारखं वाटतं, कारण त्यात 'तुझं असं असणं मला अपवाद म्हणून चालवून घ्यावं लागत नाही' हे न सांगता येतं. ही त्या शब्दाची खरी कमाई आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. 'बाय' या शब्दाची कमाई वेगळी आहे. तो जुना आहे, जास्त लोकांना कळतो, आणि त्याच्या नावावर बऱ्याच जणांनी मार खाल्ला आहे. तुला कॉलेजपासून त्याने सोबत केली आहे. कुणी सांगितलं म्हणून तो टाकून देऊ नकोस, आणि पॅन जास्त जवळचा वाटला तर बाय लोकांशी गद्दारी केली असंही मानू नकोस. दोन्ही ठेवलेस तरी चालेल. कुणी पावती मागणार नाही.

आईला काय सांगायचं? मी असते तर दोन्ही शब्द बाजूला ठेवले असते. 'आई, मला आत्ता लग्न करायचं नाही, माझ्यासाठी कुणाला बोलावू नका.' एवढं एक वाक्य, पोहे टाकायच्या आधी, पाहुणे येऊन बसल्यावर नव्हे. तू लिहिलंस की पुढच्या महिन्यात कराडचं स्थळ येणार आहे, म्हणजे वेळ आहे. कारण विचारलं तर नोकरीचं सांग, ते खोटंही नाही. जोडीदाराबद्दल सांगायचं की नाही ते त्यानंतरचं, आणि ते ठरवण्याआधी तीन गोष्टी जागेवर आहेत का बघ: पगार तुझ्या एकटीच्या खात्यात येतो का, मूळ कागदपत्रं तुझ्याकडे आहेत का, आणि घरून निघावंच लागलं तर पहिले आठ दिवस कुठे राहशील. हे घाबरवायला नाही लिहिलेलं. बहुतेक घरांत यातलं काहीच लागत नाही. ज्या घरांत लागलं तिथे आधी न बघितल्याची किंमत मी पाहिली आहे.

रात्री फार जड झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. सांगलीत संग्राम संस्थेचं आणि तिच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या मुस्कान गटाचं काम जुनं आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचंही अशा लोकांसाठीचं काम जुनं आहे. तिथली माणसं 'दोन्ही चालतं तर सोपं ते घे' असं म्हणणार नाहीत.

माझी खोली विश्रामबागला, शनिवारी दुपारी मी मोकळी असते. दोघं या. फक्त येण्याआधी एक विचारून ठेव: त्या व्यक्तीला मराठीत 'आला' म्हटलेलं आवडतं, 'आली' आवडतं की 'आले'? चार पानांत तुला ते टाळता आलं, मला दारात उभं राहून 'या' म्हटल्यावर पुढचं वाक्य बोलावंच लागेल.